आधी पट्टे, मग एमएनएफ

पैठणच्या हायपेरियन दृश्यात (हायपेरियन म्हणजे नासाच्या ईओ-१ उपग्रहावरचा, शेकडो तरंगलांबींत चित्र घेणारा सेन्सर) उभे पट्टे दिसतायत, थेट एमएनएफ (मिनिमम नॉइज फ्रॅक्शन, म्हणजे माहितीतून नॉइज वेगळा काढायची पद्धत) चालवू का, असं विचारलंत. नका. एमएनएफ शेजारच्या पिक्सेलांतल्या फरकावरून नॉइज, म्हणजे मोजमापातली खोटी चढउतार, मोजतं, आणि पट्टे तिथंच घोळ घालतात.

हायपेरियनच्या २४२ बँडांपैकी (बँड म्हणजे एका अरुंद तरंगलांबी-पट्ट्यातलं चित्र) कॅलिब्रेट न झालेले आणि १४०० व १९०० नॅनोमीटरजवळचे, बाष्पाने खाल्लेले बँड आधीच फेका. त्यांत वाचवण्यासारखं काही नसतं.

आता पट्टे. हायपेरियनच्या ओळीत २५६ पिक्सेल, प्रत्येक स्तंभाचा डिटेक्टर वेगळा. नेहमीची युक्ती म्हणजे प्रत्येक स्तंभाची सरासरी आणि प्रमाण विचलन अख्ख्या बँडशी जुळवायचं. पण तुमच्या दृश्यात नाथसागर जलाशय आहे! ज्या स्तंभात निम्मं पाणी, त्याची सरासरी मुळातच खाली. ती ओढून वर आणली की काठावरचा ऊस उगाच उजळतो. म्हणून पाणी मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा, किंवा शेजारच्या मोजक्या स्तंभांशीच तुलना करा. हे सगळं रेडियन्सवर (सेन्सरपर्यंत पोचलेल्या प्रकाशाच्या मोजमापावर), वातावरणीय दुरुस्तीच्या आधी.

नॉइजच्या अंदाजासाठी सपाट जलाशय घ्यायचा मोह होतो, पण शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये (डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब तरंगलांबींत) पाणी काळंठिक्कर, तिथला नॉइज जमिनीपेक्षा कमीच भरतो. आपल्याकडची लहान लहान वावरंही नकोत, बांधच नॉइज म्हणून मोजला जातो. मोठी, एकसारखी पडीक जमीन सापडली तर उत्तम.

स्पेक्ट्रम (पिक्सेलचा तरंगलांबीनुसार आलेख) गुळगुळीत करताना खिडकी, म्हणजे एका वेळी एकत्र धरलेले शेजारचे बँड, लहान ठेवा. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमाती-खनिजाची २२०० नॅनोमीटरची खाच अरुंद असते, मोठ्या खिडकीत ती पुसून जाते.