नळीची वाट एका दिवसात: मुक्कामाचं ओझं हवंय कशाला?

घाटवाट_कोथरूड
हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने (बेलपाड्यातून कोकणकड्यावर नेणाऱ्या उभ्या, अरुंद घळीतून) म्हटलं की "कड्यावर मुक्काम हवाच" हे ठरलेलं पालुपद. मला पटत नाही. डिसेंबरात एका दिवसात होतो. बेत असा: १२ जण, शुक्रवारी रात्री ११ ला शिवाजीनगर, नारायणगाव-आळेफाटा-ओतूरवरून माळशेज घाट उतरून पहाटे ३ च्या सुमारास पायथ्याचं गाव बेलपाडा. ४ ला चालायला सुरुवात, दुपारी १२ ला कोकणकडा, टोलार खिंडीतून संध्याकाळी ६ पर्यंत पलीकडच्या खिरेश्वर गावात. तोवर ड्रायव्हर घाट परत चढून खुबी फाट्यावरून गाडी खिरेश्वरला आणेल. सॅकमध्ये ३ लिटर पाणी, दशम्या-चटणी, टॉर्च. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा नाही म्हणजे माणशी ५-६ किलो वाचले. नळीत तोल जातो तो पाठीवरच्या ओझ्यानेच.

कातळटप्पा
ओझ्याचं बरोबर, वेळेचं गणित साफ चुकलंय. तुम्ही चालण्याचा वेळ धरलात, थांबण्याचा धरलाच नाहीत. कातळटप्प्यावर (दोर लावून चढायचा उभा खडक) एका दोरावर माणशी ६ मिनिटं धरा: हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) दोर अडकवणं, चढणं, सोडणं, दोर पुन्हा खाली. १२ जणांचे झाले ७२ मिनिटं. असे दोन टप्पे म्हणजे जवळजवळ अडीच तास नुसती रांग. त्यातून कुणी मध्येच हातपाय गाळले की संपलंच. १२ ला कडा विसरा, ३-४ वाजतील. डिसेंबरात ६ ला सूर्य मावळतो, आणि टोलार खिंडीकडची वाट जंगलातून टेकाडामागून टेकाड चढउतार करत जाते. खिंडीच्या तोंडाशी रेलिंग लावलेला कातळ आहे, तो दमलेल्या पायांनी टॉर्चच्या उजेडात उतरायचा?

आणि ४ वाजता अंधारात ओढ्यात शिरणं हा वेगळाच घोळ. सुरुवातीला वाट ओढ्याच्या पात्रातल्या धोंड्यांवरून जाते, साधले घाटाची, म्हणजे गडावर जाणाऱ्या दुसऱ्या घाटवाटेची, वाटही त्याच बाजूने फुटते. अंधारात तो फाटा चुकला की पहाटे निघून वाचवलेला तासभर शोधाशोधीत जातो. गावातला वाटाड्या घ्या, नाहीतर उजाडल्यावर निघा.

पायपीट
एका दिवसाच्या बाजूने मी आहे, पण तुमच्या बेताच्या नाही. १२ नकोत, ६. दोर दोन (३०-३० मीटरचे), म्हणजे पहिला दोर वापरात असताना पुढचा माणूस वरच्या टप्प्यावर दुसरा बांधायला लागतो. बांधताना एकाच झाडावर भरवसा नको, दोन आधार घ्या. दोर टाकून माणसं ओढत बसण्यापेक्षा वरून बिले द्या (चढणाऱ्याला बांधलेला दोर वरून धरून ठेवा, म्हणजे घसरला तरी पडणार नाही). हेल्मेट प्रत्येकाला, याला पर्याय नाही. नळी म्हणजे फनेल: वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्यापर्यंत येणारच, बाजूला सरकायला जागा कुठे आहे? घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या उतारावर) एकामागोमाग एक चालू नका, एकजण आडोशाला पोचला की दुसरा निघेल.

परतायला खिरेश्वर कशाला? साधले घाटाने परत बेलपाड्यात उतरा. गाडी तिथेच राहते, ड्रायव्हरला रात्रभर जागून पुन्हा घाट चढायला लागत नाही. (रात्रभर जागलेला ड्रायव्हर हा या अख्ख्या बेतातला सगळ्यात धोकादायक भाग आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये.)

कातळटप्पा
@पायपीट: ६ जण, दोन दोर मान्य. पण दिवसभर नळी चढून त्याच संध्याकाळी अनोळखी घाटवाट उतरायची? गुडघे उतरणीवरच बोलतात.

डब्यातली_भाकरी
मुक्काम म्हणजे तंबू हे कुणी ठरवलं? गडावर पायथ्याच्या पाचनई गावातल्या लोकांच्या झोपड्या आहेत, सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी मिळते, तंबूही भाड्याने मिळतो. वर न्यायचं काय, तर एक स्वेटर आणि पातळ पांघरूण. म्हणजे मूळ पोस्टमधले ५-६ किलो आहेतच कुठे? शनिवारी उजाडता निघा, रात्री वर झोपा, रविवारी पाचनईला दोनेक तासांत उतरा. एवढंच की पाचनईला गाडी आणायची तर ओतूर-कोतूळमार्गे मोठा वळसा आहे, ते ड्रायव्हरला आधीच सांगा. आणि अभयारण्य आहे, शेकोटी नको.

घाटवाट_कोथरूड
रांगेचं गणित मान्य. १२ चे ६ केले. झोपडीचंही मान्य, पण वीकेंडला कड्यावर जी जत्रा भरते तिच्यात झोप लागते का, हा प्रश्न आहेच. एक दिवसाचा आग्रह सोडत नाही: शुक्रवारी संध्याकाळीच निघायचं (चाकणची कोंडी गृहीत धरून ५ च्या आत), बेलपाड्यात झोपायचं, ६ ला चालायला लागायचं.

कातळटप्पा
आता बोलण्यासारखं झालं. एक अट घाला: पहिल्या कातळटप्प्याच्या पायथ्याशी १०:३० पर्यंत नाही पोचलात तर मागे. टप्पे चढून गेल्यावर मागे फिरणं अवघड, तेच कातळ उतरायला चढण्याहून वाईट आहेत. पाणी ३ नव्हे, ४ लिटर. ओढ्यात डिसेंबरात डबकी असतील-नसतील, नळीत वर काहीच धरून चालू नका.

पायपीट
आणि उतरायचं कुठून, ते अजून ठरलेलंच नाही.