मदत हवी आहे: बाबांच्या डिस्क हार्ड डिस्कवर घ्यायच्यात, जागा पुरत नाही आणि लहान केलं की चित्र फुटतं

ठाकुर्लीकर (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे आणि महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय. भाड्याच्या घरात लोखंडी कपाट मावणार नाही. त्या कपाटात बाबांनी आयुष्यभर जमवलेल्या नाटक-सिनेमांच्या डिस्क आहेत. सगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन टाकायच्या ठरवल्यात. एका फुकट कन्व्हर्टरने सुरुवात केली तर एकेक सिनेमा ८ जीबीचा होतोय. त्यातच 'स्मॉल साइझ' निवडलं की ७०० एमबीत बसतो, पण टीव्हीवर बघवत नाही. गर्दीच्या सीनमध्ये नुसते चौकोन, चेहरे धुरकट. मधलं सेटिंग कोणतं ठेवू तेवढं सांगा. वेळ खरंच नाहीये.

कासवगती (रात्री १०:५८)

डिस्क म्हणजे व्हीसीडी की डीव्हीडी? किती आहेत? हार्ड डिस्क केवढी आणि त्यात मोकळी जागा किती? लॅपटॉप कोणता, टीव्ही किती जुना? हे कळल्याशिवाय सेटिंग सांगणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं.

एचईव्हीसी_प्रेमी (रात्री ११:०५)

डोळे मिटून एच २६५ (एचईव्हीसी, व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) वापरा. त्याच दर्जाला फाइल बरीच लहान होते. माझा सगळा संग्रह मी त्यातच केलाय. २०२५ मध्ये आधीच्या एच २६४ला कशाला चिकटायचं? त्याहून नवं एव्ही१ जमलं तर अजून उत्तम.

सातारी_पेढा (रात्री ११:१२)

ताई, एवढी उठाठेव कशाला? ४ टीबीची डिस्क घ्या आणि आहे तसं कॉपी करून टाका. नंतर निवांत बसून काय ते लहान-मोठं करा. घर सोडायच्या गडबडीत कुठं सेटिंगं शोधत बसताय.

ठाकुर्लीकर (रात्री ११:२०)

नवीन डिस्क आत्ता घेणार नाही. शिफ्टिंग, डिपॉझिट, सगळं एकदमच आलंय. डिस्क दोन्ही प्रकारच्या आहेत. २६५ आणि २६४ मध्ये नेमकं काय निवडू?

कासवगती (रात्री ११:२४)

दोन्ही प्रकारच्या म्हणजे किती-किती? बाकीची उत्तरंही द्या ना.

सहज_सुचलं (मंगळवार, सकाळी ७:१५)

बहुतेक जुने मराठी सिनेमे हल्ली यूट्यूबवर अधिकृतपणे टाकलेले आहेत. आधी यादी करा, जे तिथे मिळतं ते सोडून द्या. निम्मं काम वाचेल.

ठाकुर्लीकर (सकाळी ८:०२)

नाही हो. यातली कित्येक नाटकं कुठेच नाहीत, मी शोधून बसले आहे. आणि आज असलेला व्हिडिओ उद्या काढून टाकतात. आईला रात्री जेवण झाल्यावर बाबांची आवडती नाटकं लावायची असतात, तिला शोधाशोध करायला लावायची नाहीये.

कासवगती, घ्या: व्हीसीडी साधारण १८०, डीव्हीडी ८०. हार्ड डिस्क १ टीबी, पण त्यात लग्नाचे फोटो वगैरे आहेत, ४०० जीबी मोकळी. लॅपटॉप जुना आय-३. टीव्ही २०१५चा.

जुना_खेळाडू (सकाळी ८:३०)

टू-पास करा, म्हणजे सॉफ्टवेअर पहिल्या फेरीत सिनेमा तपासतं आणि दुसऱ्या फेरीत फाइल बनवतं. आम्ही डीव्हीडी श्रिंकच्या काळापासून हेच करत आलोय. आधी फाइल केवढी हवी ते ठरवायचं आणि त्यावरून बिटरेट (सेकंदाला किती डेटा) काढायचा. सव्वादोन तास म्हणजे ८१०० सेकंद. १ जीबी हवी असेल तर आवाज धरून सेकंदाला हजार किलोबिटच्या थोडं वर मिळतात. प्रत्येक सिनेमा बरोब्बर १ जीबी, हिशेब सोपा.

पडद्यामागे (सकाळी ९:१०)

जुना_खेळाडू, सीडीवर बसवायचं होतं तेव्हा हे ठीक होतं. हार्ड डिस्कवर प्रत्येक फाइल सारख्याच आकाराची कशाला हवी? दोन पात्रांचं नाटक, एकच सेट, कॅमेरा जागचा हलत नाही, तिथे १ जीबी जास्त होते. उलट जत्रेचा सीन, नाच, पाऊस, त्यात जुन्या प्रिंटचे ओरखडे आणि दाणे असले की तीच १ जीबी कमी पडते. ठाकुर्लीकरांना दिसतायत ते चौकोन त्यामुळेच. म्हणून साइझ ठरवू नका, दर्जा ठरवा. हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्टरमध्ये 'कॉन्स्टंट क्वालिटी' असते, तिथे आरएफ नावाचा आकडा असतो. आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ मध्ये ठेवायचा. मी २० ठेवते. प्रीसेट (वेगाचं सेटिंग) 'स्लो', एन्कोडर एक्स २६४ (एच २६४ची फाइल बनवणारा).

जुना_खेळाडू (सकाळी ९:२२)

आणि एखादी फाइल अडीच जीबीची झाली तर? ४०० जीबीचं गणित कसं बसवणार?

पडद्यामागे (सकाळी ९:३१)

दुसरी ७०० एमबीची होते की. बेरजेला ते सारखंच येतं.

एचईव्हीसी_प्रेमी (सकाळी ९:४०)

पुन्हा २६४! २६५ घेतलं तर हीच बेरीज अजून खाली येईल.

कासवगती (सकाळी १०:०५)

जुन्या आय-३ वर एक्स २६५ 'स्लो'ला लावलं तर एकेका सिनेमाला रात्र जाईल. त्यांच्याकडे महिनाही नाही. २०१५चे बरेच टीव्ही एच २६५ची फाइल पेनड्राइव्हवरून उघडत नाहीत, हेही आहे. आणि २६५चा खरा फायदा दिसतो मोठ्या चित्रात, ४के वगैरे. ७२०×५७६च्या चित्रात वाचून किती वाचणार? आईंना टीव्हीवर बघायचंय, तिथे २६४ बिनधोक चालेल.

आता मुख्य मुद्दा. ठाकुर्लीकर, त्या कन्व्हर्टरमध्ये रेझोल्यूशन काय ठेवलंय आणि बिटरेट काय? ८ जीबी कुठून येतात ते तिथेच कळेल.

ठाकुर्लीकर (दुपारी १:१५)

१०८०पी, ८००० केबीपीएस. एका व्हिडिओत बेस्ट क्वालिटी म्हणून हेच सांगितलं होतं. व्हीसीडी आणि डीव्हीडी, दोन्हीला तेच आहे.

कासवगती (दुपारी १:४०)

मग जागा तिथेच जातेय. व्हीसीडीचं चित्र ३५२×२८८, म्हणजे लाखभर ठिपके. १०८०पी म्हणजे वीस लाखांच्या वर. मधले एकोणीस लाख ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. डिस्कवर जे नाहीच ते असं तयार होत नाही. व्हीसीडीत चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट दिलेले असतात आणि आवाजाला २२४. तुम्ही त्याचे ८००० करताय. सिंगल लेयर डीव्हीडी अख्खी ४.७ जीबीची, त्यातला सिनेमा तुमच्याकडे ८ जीबी होतोय, म्हणजे मुळापेक्षा मोठा! जुनं चित्र मोठं करायचं काम टीव्ही स्वतः करतो, ते त्याच्यावर सोपवा.

व्हीसीडीला तर हातच लावू नका. त्यातलं एमपीईजी-१ व्हिडिओ आधीच इतकं दाबलेलं असतं की पुन्हा दाबलं तर उरलंसुरलं जातं. आहे तसं उतरवून घ्या. तासाला ६२० एमबीच्या आसपास लागतात. १८० डिस्क गुणिले ६०० एमबी, म्हणजे १०८ जीबी. झालं.

ठाकुर्लीकर (दुपारी २:०५)

व्हीसीडी कॉपी-पेस्ट करायला गेले तर अर्ध्यात एरर येते. म्हणून तर कन्व्हर्टर घेतला होता.

पडद्यामागे (दुपारी २:२०)

व्हीसीडीचे सेक्टर वेगळ्या प्रकारे लिहिलेले असतात. चुका दुरुस्त करायची जास्तीची माहिती कमी ठेवून त्या जागी व्हिडिओ भरलेला असतो. त्यामुळे विंडोजची साधी कॉपी जरा ओरखडा आला की थांबते. आयसोबस्टर या सॉफ्टवेअरमध्ये डॅट फाइलवर (व्हीसीडीतली व्हिडिओ फाइल) राइट क्लिक करून एमपीईजी फ्रेम्स वेगळ्या काढायचा पर्याय घ्या, सरळ एमपीजी फाइल मिळते. लिनक्स असेल तर व्हीसीडीएक्सरिप. ओरखड्याची एखादी जागा गेली तर क्षणभर चित्र तुटेल, नाटक थांबणार नाही.

डिस्क पुसताना गोल फिरवून पुसू नका. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ.

कायद्याचं_बोला (दुपारी ३:००)

कॉपीराइट कायदा १९५७ विसरू नका. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. २०१२च्या दुरुस्तीत ६५अ कलम आलंय, हक्कभंग करण्याच्या हेतूने डिस्कचं तांत्रिक कुलूप तोडणं गुन्हा आहे. कॉपी काढून वाटू नका, विकू नका.

सातारी_पेढा (दुपारी ३:०८)

साहेब, स्वतः विकत घेतलेल्या डिस्क आईला घरात दाखवायच्यात, त्या कुठं विकायला निघाल्यात? हेतू म्हणाला ना तुम्ही, मग तो इथं हाय कुठं?

कायद्याचं_बोला (दुपारी ३:१५)

मीही तेच म्हणतोय. खाजगी वापरासाठी ५२व्या कलमात सवलत आहे. सांगून ठेवलं, इतकंच.

सहज_सुचलं (दुपारी ४:३०)

अवांतर: २००७च्या सुमारास मोजर बेअरच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आल्या, तेव्हा आमच्या गल्लीतलं सीडी भाड्याने देणारं दुकान हळूहळू बंदच झालं. भाड्यात थोडी भर घातली की डिस्क विकत मिळायला लागली. काकांचा संग्रह त्याच काळात वाढला असणार.

ठाकुर्लीकर (संध्याकाळी ६:४५)

हो, बहुतेक तेव्हाचाच. त्यात '३ इन १' डीव्हीडीही आहेत, वीसेक असतील. आणि एक सांगायचं राहिलं. १० डीव्हीडी बाबांच्या हौशी नाट्यसंस्थेच्या आहेत, त्यांनी स्वतः काम केलेली नाटकं. व्हीएचएस कॅसेटवरून स्टुडिओत करून घेतल्या होत्या. त्याही हँडब्रेकमध्ये आरएफ २० ला टाकू का?

पडद्यामागे (संध्याकाळी ६:५२)

नाही! त्या १० सगळ्यात आधी घ्या, आज रात्रीच. बाजारातल्या डिस्क छापलेल्या असतात, पण स्टुडिओने बर्न करून दिलेल्या डीव्हीडी-आर मध्ये रंगद्रव्याचा थर असतो. उष्णता, उजेड, दमट हवा यांनी तो खराब होतो. लोखंडी कपाटात इतके उन्हाळे गेलेत, काही डिस्क आत्ताच कडेला वाचता येत नसतील. कडेच्या भागात नाटकाचा शेवट असतो. कुलूप नसतं त्यांना, अख्खं व्हिडिओ टीएस फोल्डर तसंच कॉपी करा. एन्कोड अजिबात नको. अडकली तर डीडीरेस्क्यू वापरा, ते वाचता येणारा भाग आधी घेतं आणि नासलेल्या जागेवर नंतर पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. या दहांची मिळून ४४ जीबी होईल. ६४ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन दुसरी प्रत भावाबहिणीकडे ठेवा. बाकीचं पुन्हा कुठे ना कुठे मिळेल, हे मिळणार नाही.

एचईव्हीसी_प्रेमी (संध्याकाळी ७:००)

याला पूर्ण सहमत. या दहांना २६५ सुद्धा नको.

चित्रसंग्रह (संध्याकाळी ७:४०)

२००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या मूळ प्रती गेल्या. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याने विझत नाही. प्रत एकाच जागी ठेवायची नसते ती यासाठी. एकट्या हार्ड डिस्कवर विसंबू नका, मी तर २५ जीबीच्या ब्लू-रे डिस्कवर घेतो.

सातारी_पेढा (संध्याकाळी ७:५५)

त्यांच्याकडं कपाटाला जागा नाही आणि तुम्ही नव्या डिस्क घ्यायला सांगताय.

कासवगती (रात्री ८:३०)

हिशेब मांडतो. व्हीसीडी १०८ जीबी. बाबांच्या १०, आहेत तशा, ४४. '३ इन १'च्या २० डिस्कही आहेत तशाच: ४.७ जीबीत तीन सिनेमे म्हणजे एकेकाला दीड जीबी, डीव्हीडीवरच्या एमपीईजी-२ साठी हे आधीच फार ताणलेलं. आरएफ २० ला टाकलं तर एन्कोडर त्यातले चौकोनही मन लावून जपत बसतो आणि फाइल फारशी कमी होत नाही. त्या मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने नुसत्या उतरवून घ्या, ८८ जीबी. उरल्या ५० डीव्हीडी, फक्त त्या हँडब्रेकमध्ये. सरासरी दीड जीबी धरा, ७५. एकूण ३१५. ४०० मध्ये बसतं, वर थोडी हवाही राहते.

आवाज पुन्हा दाबू नका. डीव्हीडीवरचा एसी३ आवाज तसाच पासथ्रू (न बदलता) ठेवा. १९२ किलोबिटचा असेल तर अडीच तासाला दोनशे-सव्वादोनशे एमबीच लागतात, आणि नाटकात संवादच तर सगळं आहे.

ठाकुर्लीकर (बुधवार, रात्री ११:५०)

बाबांच्या १० पैकी ८ पूर्ण आल्या. दोन शेवटी अडकतायत, डीडीरेस्क्यू लावून ठेवलंय. व्हीसीडी आयसोबस्टरने चालू आहेत. हँडब्रेकमध्ये एका नाटकाच्या डीव्हीडीची पाच मिनिटं करून बघितली: आरएफ २० ला चेहरा स्वच्छ, पण नट हात हलवतो तेव्हा हाताच्या कडेला बारीक आडव्या रेषा येतात. सिनेमात येत नाहीत. हा आरएफचा दोष का? १८ करू?

पडद्यामागे (गुरुवार, सकाळी ६:४०)

आरएफला हात लावू नका, नुसती फाइल वाढेल. नाटक व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेलं आहे, म्हणजे इंटरलेस्ड. एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक असतात, हलणाऱ्या गोष्टीत त्या सुट्या दिसतात. सिनेमा फिल्मवरून आलेला असतो म्हणून तिथे दिसत नाही. फिल्टर्समध्ये डिइंटरलेसला 'डीकॉम्ब' निवडा, नाटकांपुरतंच. आणि डायमेन्शन्समध्ये डिस्कवर आहे तेच ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ डीव्हीडी एनटीएससी, म्हणजे ७२०×४८०च्या आहेत, त्या ओढून ५७६ करू नका.

सहज_सुचलं (सकाळी ७:०५)

विषय निघालाच आहे तर विचारतो, आमच्याकडे नाट्यगीतांच्या ऑडिओ कॅसेट आहेत, त्या कशा घ्यायच्या?

कासवगती (सकाळी ७:३०)

वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. टेप रेकॉर्डर कोणता आहे आणि लाइन आउट आहे का, ते आधी लिहा.

ठाकुर्लीकर (सकाळी ८:१०)

डीकॉम्बने रेषा गेल्या. अडकलेल्या दोनपैकी एक डिस्क रात्रीत वाचली. दुसरीची शेवटची अकरा मिनिटं अजून येत नाहीयेत. कुणाकडे दुसऱ्या कंपनीचा जुना डीव्हीडी रायटर असेल आणि डोंबिवली-कल्याण भागात असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी डिस्क घेऊन येते.