सूज वेगळी, वाढ वेगळी

वर एकांनी लिहिलंय की प्रोस्टेटचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं) दुखणं साठीनंतरचं आणि अँटिबायोटिक घेतलं की मिटतं. दोन्ही अर्धवट. उतारवयात होते ती बहुधा ग्रंथीची वाढ. सूज तिशी-चाळिशीतही गाठते. मला ३८व्या वर्षी झाली. खुर्चीत सारखी चुळबुळ, जणू बुडाखाली खडा टोचतोय, आणि लघवी संपता संपता जळजळ.

जंतुसंसर्ग असेल तर अँटिबायोटिक हवंच, तेही बरेचदा ४ ते ६ आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. पण जुनाट दुखण्यात बहुतेकदा जंतू सापडतच नाहीत. माझंही तसंच. मला गुण आला तो ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करायच्या व्यायामांनी. (नेटवर जो तो केगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम, सुचवतो. आधीच आवळलेल्यांना आणखी आवळून काय होणार!)

पीएसए म्हणजे कॅन्सरच्या शंकेपोटी रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन. सुजेमुळेही पीएसए वाढतो, त्यामुळे नुसत्या आकड्याने हबकू नका. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

टाळायचा हमखास उपाय नाही. लघवी तुंबवू नये, पाणी पुरेसं प्यावं, कंडोम वापरावा, एवढंच. थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच अडली तर मात्र इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.