मदत हवी आहे : आईवडिलांच्या जर्मनी प्रवासासाठी औषधे व विमा

सप्रेम नमस्कार. माझे आईवडील येत्या मे महिन्यात सोलापूरहून बहिणीकडे जर्मनीला जाणार आहेत. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, तर वडील रोज इन्सुलिन घेतात.

शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो, म्हणून विमा घेणारच आहोत. परंतु केवळ व्हिसा मिळावा म्हणून घेतलेला स्वस्त विमा प्रसंगी कितपत उपयोगी पडेल, याची मला शंका वाटते, कारण आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेली तातडीची अवस्था अनेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते किंवा तिच्यासाठी मिळणारी रक्कम फार तुटपुंजी असते. मधुमेह स्पष्टपणे नोंदवून कोणी विमा घेतला आहे का, आणि रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरले की आधी स्वतः भरावे लागले?

दुसरा प्रश्न इन्सुलिनचा आहे. आपल्याकडच्या कुपीत बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिट असतात, तिकडे १०० युनिटचे प्रमाण रूढ आहे, आणि सिरिंजही त्यानुसार निराळ्या असतात. त्यामुळे तिकडे औषध घ्यावे लागल्यास मात्रेचा घोटाळा जिवावर बेतू शकतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिन पेन (सिरिंजऐवजी वापरायचे पेनासारखे उपकरण) सुरू करून घेणे कोणाला सोयीचे ठरले का? सामानकक्षात इन्सुलिन गोठण्याची भीती असल्याने ते हातातील सामानातच राहील. पण मुंबईपर्यंतच्या प्रवासात, तेही आपल्या सोलापूरच्या उन्हात, ते थंड ठेवण्याची पिशवी शहरात कोठे मिळेल?

औषधांची मूळ (जेनेरिक) नावे असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आणि ११२ हा तेथील आपत्कालीन क्रमांक, एवढी तयारी झाली आहे. जर्मन भाषेतील पत्रही सोबत द्यावे का, हेही कृपया कळवावे.