जुन्या काळची जप्ती: सावकाराला नक्की काय काय उचलता येई?

प्रश्न (गिरगावकर): १९०८ च्या दिवाणी संहितेनुसार मुंबईत डिक्री (पैसे वसुलीचा कोर्टाचा निवाडा) मिळाली की बेलिफ (कोर्टाचा वसुली कर्मचारी) थेट घरात शिरून भांडीकुंडी उचलत असे का?

दप्तरी: नाही. आधी दरखास्त (डिक्री बजावण्यासाठीचा अर्ज), मग जप्तीचा हुकूम. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायला बंदी. बाहेरचं दार फोडायचं तर घर ऋणकोच्याच (कर्जदाराच्याच) ताब्यात हवं आणि त्याने वाट अडवलेली हवी. कलम ६० मुळे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं सुटत. माझ्या मते कायद्यातला सर्वांत माणुसकीचा भाग हाच.

जुनीसनद: जंगम माल प्रत्यक्ष ताब्यात घेत. स्थावर मात्र जागेवरच राही: विकू नये, गहाण टाकू नये असा हुकूम, जागेवर दवंडी, आणि नक्कल मिळकतीवर व कोर्टात डकवायची. त्यानंतर ऋणकोने परस्पर विकलं तर धनकोच्या (पैसे देणाऱ्याच्या) हक्कापुरतं ते खरेदीखत रद्दबातल. लिलावात बोली सुटताच खरेदीदाराने २५ टक्के रक्कम भरायची, उरलेली १५ दिवसांत. चुकलं की फेरलिलाव. स्मॉल कॉजेस कोर्टाला (लहान रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाला) स्थावर विकता येत नसे, सावकार तिथेच अडकत.

गिरगावकर: आणि गावाकडची जमीन?

दप्तरी: १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत खास गहाण नसलेली शेतकऱ्याची जमीन पैशाच्या डिक्रीत जप्त होईना. म्हणून जुनं प्रकरण वाचताना आधी गहाणखत शोधा.