दुकानात दर आठवड्याला टेबलटॉप आरपीजीची रात्र: कुठून सुरुवात करू?

कोरी_शीट
आमच्या गेम स्टोअरच्या मालकांनी दर गुरुवारी ६ ते ९ दोन टेबलं देऊ केली आहेत. मला धरून बारा जण तयार आहेत. दोघं खेळ चालवू शकतो, उरलेल्या दहांपैकी आठ जणांनी आरपीजी (पात्रं घेऊन खेळायचा कथाखेळ) कधीच खेळलेला नाही. खर्चाची मर्यादा म्हणजे एक नियमपुस्तक आणि फाशांचे चार संच, बस्स. मिनिएचर (छोट्या बाहुल्या) नकोत. प्रश्न तीन: कोणता खेळ, एका टेबलावर किती जण, आणि लोक दर वेळी येणार नाहीत हे गृहीत धरून कॅम्पेन (अनेक रात्री चालणारी सलग कथा) करायची का?

वीसपैलू
डीअँडडीच (डंजन्स अँड ड्रॅगन्स). २०२४ ची तिन्ही मुख्य पुस्तकं घ्या, शिवाय जीएम स्क्रीन (जीएम म्हणजे खेळ चालवणारा, त्याच्यापुढचा आडोसा), व्हिनाइलची ग्रिड मॅट आणि निदान तीस मिनिएचर. दोन्ही टेबलांसाठी वेगळा सेट हवा. फासे धातूचेच घ्या, माझे सहा संच आहेत आणि हातात वजन जाणवतं. २०१४ आणि २०२४ ची पुस्तकं एकाच टेबलावर मात्र आणू नका. मंत्राचं नाव तेच आणि मजकूर वेगळा असतो, दर पंधरा मिनिटांनी वाद होतो.

कोरी_शीट
धन्यवाद, पण मर्यादा *एक* पुस्तक आहे. मिनिएचर नकोत असंही लिहिलंय.

नियमांचा_किडा
एकही पुस्तक लागत नाही. एसआरडी (डीअँडडीचे मुक्त केलेले मूळ नियम) ५.१ जानेवारी २०२३ पासून आणि ५.२ हे २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे. रीतसर फुकट, छापून वाटलं तरी चालतं. बारा क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत आणि प्रत्येकाचा एकच सबक्लास (उपप्रकार). नवख्यांना तेवढंच बरं, पर्याय कमी म्हणून निवड लवकर होते.
पहिल्या रात्री कॅरेक्टर (आपलं पात्र) बनवायला बसवू नका, तीन तास त्यातच जातात. पाच खेळाडूंसाठी सहा तयार शीट छापा. सहावं अशासाठी की शेवटी बसणाऱ्यालाही दोनातून एक निवडता यावं. शीटवर आकडे आधीच बेरीज करून लिहा. 'डेक्स्टेरिटी + प्रोफिशियन्सी' नको, 'धनुष्य: डी२० + ५' असं हवं (डी२० म्हणजे वीस बाजूंचा फासा).

धातूचा_डी४
वरच्या धातूच्या फाशांबद्दल: ट्रे नसेल तर दुकानाच्या टेबलाला खाचा पडतात आणि मालक तिसऱ्या गुरुवारी नमस्कार करतात. प्लॅस्टिकचेच घ्या. चार संच दहा जणांत पुरतात, कारण डी२० सोडून बाकीचे फासे क्वचित लागतात. सुटे डी२० मिळाले तर आणखी सहा घ्या. सगळ्यांचं काम त्याच्यावरच अडतं.

जुनी_खोड
मिनिएचर नकोत म्हणणाऱ्यांनी इतिहास बघावा. १९७४ साली गायगॅक्स आणि अर्नेसन यांनी जो खेळ काढला तो मिनिएचरच्या युद्धखेळातूनच आला. हल्ली सगळं 'कल्पनेत' आणि मग 'मी कुठे उभा होतो?' यावर अर्धा तास.

कागदपेन्सिल
@जुनी_खोड, तिथे बाहुल्या लागत नाहीत, जागा कळली की झालं. कोटाची मोठी बटणं साधारण २५ मिमीची असतात, एक इंची घरात नेमकी बसतात. काळी शत्रूंची, रंगीत खेळाडूंची. मॅटऐवजी ए३ कागदावर एक इंची चौकोन छापून लॅमिनेट करा. १६ बाय ११ घरं मिळतात, एका घराचे पाच फूट धरले तर ८० बाय ५५ फुटांचं दालन झालं. पहिल्या महिन्यात याहून मोठी जागा कुठे लागत नाही.

वीसपैलू
व्हिनाइल मॅटच घ्या. आयुष्यभर टिकते.

ओला_फडका
टिकते, पण त्यावर पांढऱ्या फळ्याचा मार्कर चालवलात की रेघाही आयुष्यभर टिकतात. व्हिनाइलवर फक्त ओल्या कापडाने पुसायचा मार्कर, आणि त्याच रात्री पुसायचं. लाल सगळ्यात वाईट, आठवडाभर राहिला की गुलाबी डाग बसतो. घडी घालू नका, गुंडाळी करा. लॅमिनेटवर मात्र फळ्याचा मार्कर चालतो. कोणी चुकून पर्मनंट मार्कर वापरलाच तर त्या रेघेवरून फळ्याचा मार्कर फिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतल्या द्रावकाने जुनी सुटते.

डाव_मांडू
किती जण, याचं उत्तर कोणी दिलंच नाही, सगळे मार्करात अडकले! नवखा एका पाळीला सरासरी दोन मिनिटं घेतो असं धरा. पाच खेळाडू आणि जीएम म्हणजे एका फेरीला १२ मिनिटं, चार फेऱ्यांची लढाई ४८ मिनिटं. आठ खेळाडू केले तर फेरी १८ मिनिटांची आणि लढाई सव्वा तासाच्या घरात. आपली पाळी झाल्यावर सोळा मिनिटं बसून राहायचं असेल तर माणूस फोनच काढणार. पाचच ठेवा.
यावरून वेळेचंही कळतं: शेवटची लढाई ८ च्या आत सुरू करा. ८:१५ ला सुरू केलेली ९ ला संपत नाही, आणि दुकानदार दिवे घालवायला उभा असतो.

वीसपैलू
गुरुवारऐवजी शुक्रवार घ्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते.

कोपऱ्यातलं_टेबल
शुक्रवार नकोच. बऱ्याच दुकानांत फ्रायडे नाइट मॅजिक (मॅजिक या पत्त्यांच्या खेळाची रात्र) असतं आणि पत्तेवाल्यांना सगळी टेबलं लागतात. गुरुवारीही टेबलं दोन टोकांना मांडा आणि दोन्ही जीएम एकमेकांकडे पाठ करून बसवा. आवाज समोर जातो. समोरासमोर बसवलेत तर एका टेबलावरचा ड्रॅगन दुसऱ्या टेबलावर ऐकू येतो.

तीन_ॲक्शन
पाथफाइंडर दुसरी आवृत्ती कोणीच कशी सुचवली नाही? नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहेत. पाळीला तीन ॲक्शन, संपला विषय. 'बोनस ॲक्शन म्हणजे काय' हा डीअँडडीतला प्रश्नच येत नाही.

नियमांचा_किडा
@तीन_ॲक्शन, संपला कसा? त्याच पाळीत दुसऱ्या हल्ल्याला उणे ५, तिसऱ्याला उणे १०. नवखे हे दर वेळी विसरतात आणि जीएमला दर वेळी सांगावं लागतं. खेळ चांगलाच आहे, पण आठ नवख्यांना एकदम नको.

हलका_विझार्ड
डीअँडडी घेतलंत तर पहिल्या लेव्हलला सुरू करू नका. २०१४ च्या नियमांत गॉब्लिनचा वार १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा आणि वर दोन). क्रिट झाला (डी२० वर वीस पडला) की २डी६+२, जास्तीत जास्त १४. सात हिट पॉइंटचा (जीव मोजायचे गुण) विझार्ड शून्यावर येऊन वर सात उरतात. उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं झालं की थेट मृत्यू, वाचवायची संधीच नाही. पहिल्या वीस मिनिटांत माणूस खेळाबाहेर. तिसऱ्या लेव्हलला त्याच विझार्डचे १७ होतात.

डाव_मांडू
क्रिट विसात एकदा आणि दोन्ही फाशांवर सहा छत्तिसांत एकदा, म्हणजे ७२० हल्ल्यांत एकदा. त्यासाठी नवख्याला तिसऱ्या लेव्हलचं शीट वाचायला द्यायचं? पहिल्या संध्याकाळपुरतं शत्रूंना क्रिट नाही असं जाहीर करा, झालं.

हलका_विझार्ड
साध्या वारानेही विझार्ड आडवा होतोच की! क्रिट फक्त उदाहरण होतं.

वस्तीवर_परत
कॅम्पेनबद्दल. ठरलेल्या पाच जणांची सलग कथा दुकानात टिकत नाही, दुसऱ्या आठवड्यात तिघे येतात. बेन रॉबिन्स यांची 'वेस्ट मार्चेस' पद्धत बघा: जग एकच, पण प्रत्येक सत्र वस्तीतून निघून वस्तीतच संपतं. जो आला तो त्या मोहिमेवर. अट एकच, ८:४० ला परतीची वाट धरायची म्हणजे धरायची. गुहेत सत्र थांबवलंत की पुढच्या गुरुवारी गुहेतले दोघे गैरहजर असणार.
नावनोंदणी बुधवार रात्रीपर्यंत. एका टेबलावर तीनहून कमी जण असतील तर दोन्ही टेबलं एक करा, दुसरा जीएम खेळाडू होतो.

कागदपेन्सिल
+१. आणि नावाच्या पाट्या करा. जाड कागद मधोमध दुमडायचा, बाहेरच्या बाजूला कॅरेक्टरचं नाव, जीएमकडच्या बाजूला आर्मर क्लास (वार लागायला किती हवं) आणि पॅसिव्ह परसेप्शन (न शोधताही किती लक्षात येतं). इनिशिएटिव्हच्या (पाळीच्या) क्रमाने त्याच पाट्या समोर लावल्या की वेगळी यादी लागत नाही. अनोळखी लोक असतील तर टेबलाच्या मध्ये एक्स-कार्डही (X लिहिलेलं कार्ड) ठेवा. कोणी हात लावला की ते दृश्य वगळायचं, कारण विचारायचं नाही.

वीसपैलू
जीएम स्क्रीन विसरू नका.

कोरी_शीट
सगळ्यांचे आभार. पाच-पाचची टेबलं, पाट्या, लॅमिनेट आणि पाठीला पाठ हे सगळं घेतलं. खेळ मात्र कॉल ऑफ क्थुलू (भयकथेचा आरपीजी) ठरवलाय. क्विक-स्टार्ट नियम फुकट आहेत, कौशल्यासमोर टक्केवारी लिहिलेली असते आणि तितकं किंवा त्याहून कमी पडलं की जमलं, आठही जणांना एका वाक्यात कळलं. लेव्हलचा वादच नाही. वन-शॉटच (एका रात्रीत संपणारी कथा) करणार, आणि दर आठवड्याऐवजी एकाआड एक गुरुवारी.

कोपऱ्यातलं_टेबल
भयकथा, आणि तीही दुकानात? शेजारी कोणीतरी पत्त्यांची पाकिटं फोडत बसलेला असेल.

तीन_ॲक्शन
पंधरा दिवसांनी ठेवलंत की कोणता गुरुवार हे कोणाला आठवत नाही. बघा.

धातूचा_डी४
क्थुलूच खेळणार असाल तर आधी शतफासा (दहा बाजूंचे दोन फासे मिळून) कसा वाचायचा ते ठरवा. दशकाच्या फाशावर ०० आणि एककावर ० म्हणजे १००, आणि त्या खेळात १०० म्हणजे हमखास फंबल (सपशेल फसणं). ९० आणि ० म्हणजे ९०.

जुनी_खोड
चूक. शून्याला दहा धरायचं. ९० आणि ० म्हणजे १००, आणि ०० आणि ० म्हणजे १०.

नियमांचा_किडा
@जुनी_खोड, तसंही एक ते शंभर सगळे आकडे एकेकदाच येतात, शक्यता बदलत नाही. पण एकाच टेबलावर दोघं दोन पद्धतींनी वाचायला लागले तर एकाचं यश ते दुसऱ्याचं फंबल. बरोबर @धातूचा_डी४ यांचंच आहे. पहिल्या पाटीवर लिहून ठेवा: ००+० = १००.

जुनी_खोड
आम्ही नाही लिहिणार.