रात्री पीएम २.५ चढतो: राबाचा धूर की खाडीचा दमटपणा? (घणसोली, नवी मुंबई) मदत हवी आहे

खाडीवारा:
सहाव्या मजल्याच्या गॅलरीत प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ (कण मोजणारा सेन्सर), ईएसपी ३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) आणि बीएमई २८० (तापमान-आर्द्रता सेन्सर) एकाच जंक्शन बॉक्समध्ये बसवलेत. मार्चच्या मध्यापासून रात्री १० नंतर पीएम २.५ चा (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा चढतो आणि सकाळी ९ च्या सुमारास उतरतो. काल रात्री २ ची नोंद: पीएम २.५ (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) सीएफ-१ रकान्यात १८०, एटीएम रकान्यात १२० (सेन्सर एकच मोजणी अशा दोन रकान्यांत देतो), पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण, एटीएम) १३१, आर्द्रता ७१ टक्के.

मुरबाड-शहापूरकडे राबभाजणी (भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळणं) चालू आहे, पारसिकच्या डोंगरावर गवतही पेटतंय. पीएम १० मधला ९० टक्क्यांहून जास्त भाग पीएम २.५ च आहे, म्हणजे धूळ नाही, धूरच, असं म्हणता येईल का? आणि दोनपैकी कुठला रकाना धरायचा?

कणमोजणी:
नाही म्हणता येणार. हा सेन्सर कण चाळून वेगळे करत नाही, लेझरच्या झोतात विखुरलेला उजेड मोजतो. मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत, त्यामुळे पीएम १० चा आकडा बराचसा अंदाजाने भरलेला असतो. समोर बांधकामाची धूळ उडाली तरी ते गुणोत्तर फारसं हलत नाही. या सेन्सरचा पीएम १० रकाना मी तरी आलेखात घेणार नाही.

रकाना: ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं) सूत्र (०.५२४ × सीएफ-१ − ०.०८६२ × आर्द्रता + ५.७५) लावायचं तर सीएफ-१ च. तुमच्या नोंदीला ९४ येतात. चुकून एटीएम घातला तर ६३. दोन्ही रकाने साधारण ३० पर्यंत सारखेच चालतात, म्हणून पावसाळ्यात ही चूक लक्षात येत नाही आणि नेमक्या धुराच्या रात्री फटका बसतो. शिवाय ते सूत्र अमेरिकेतल्या हवेवर बेतलंय. ऐरोली किंवा महापे केंद्राचे तासाचे आकडे सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संकेतस्थळावरून उतरवा, दोन-तीन आठवडे शेजारी ठेवा आणि स्वतःचा उतार (तुमच्या आकड्याला लावायचा गुणक) काढा.

दवबिंदू:
त्याआधी ७१ टक्के तपासा. ईएसपी ३२ त्याच डब्यात तापतोय. आतली हवा २८ अंश आणि बाहेरची २५ असेल, तर आतले ७१ म्हणजे बाहेरचे ८५. बीएमई बाहेर, सावलीत, वेगळ्या वायरवर काढा.

आता ८५ टक्क्यांना कण पाणी शोषून किती फुगतो (फुगला की आकडा वाढीव येतो) ते बघा. गुणक = १ + (कप्पा ÷ १.६५) ÷ (१ ÷ आर्द्रता − १), आर्द्रता अपूर्णांकात, कप्पा म्हणजे कण किती पाणी शोषतो त्याचा आकडा. कप्पा ०.४ धरला (मीठ, सल्फेट मिसळलेली शहरी हवा) तर गुणक २.४, कप्पा ०.१ (धुमसणाऱ्या पाल्याचा धूर) धरला तर १.३. म्हणजे धूर समजून केलेली दुरुस्ती आणि खारी हवा समजून केलेली, यांत जवळपास दुपटीचा फरक. गवताच्या धुरात पोटॅशियम क्लोराइड बरंच असतं, तिथे ०.१ कमी पडतो. म्हणून मूळ आकडे कधीही पुसू नका, दुरुस्ती वेगळ्या रकान्यात ठेवा.

खाडीवारा:
बीएमई बाहेर काढतो. डब्यात आणखी काही बदल? आणि मग धूर ओळखायचा कसा?

कणमोजणी:
पीएमएसची हवा घेण्याची आणि सोडण्याची तोंडं एकाच बाजूला असतात. मध्ये फोमची पट्टी लावून आडोसा करा, नाहीतर सोडलेली हवाच परत आत जाते. तोंडावर १ मिमीची जाळी पुरते, कापड नको. पंख्याला ५ व्होल्टच द्या, डेटा पिन ३.३ व्होल्टची आहे. पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाका, वायफाय चालू होताना व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो. सेन्सर मधूनमधून बंद ठेवत असाल तर सुरू झाल्यावरची पहिली ३० सेकंद टाकून द्या.

दवबिंदू:
ओळख एका खुणेवर होत नाही. रात्री मतलई वारे (जमिनीवरून समुद्राकडे जाणारे) पूर्वेकडून येतात हे खरं, पण घणसोलीला पूर्वेला आधी एमआयडीसी आहे, मग पारसिक, मग मुरबाड. दिशेवरून काहीच सिद्ध होत नाही.

फर्म्सच्या (आगी दाखवणाऱ्या नासाच्या) नकाशावरचे व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचे ठिपके ३७५ मीटरचे, उपग्रहाची फेरी दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. डोंगरावरचा वणवा दिसेल. राब मात्र शेणकूट, पाला, वर मातीचा थर असा धुमसतो, वाफा छोटा, ज्वाळा नाहीत. ठिपका नाही म्हणून राब नाही, असं धरू नका.

सीपीसीबीच्या आकड्यांत कार्बन मोनॉक्साइड बघा. पीएमसोबत तोही चढला तर काहीतरी जळतंय, पीएम एकटाच चढला तर दमटपणावर संशय. वाहनंही तोच वायू सोडतात, म्हणून रात्री १ ते ४ चेच तास घ्या.

पक्कं हवं असेल तर क्वार्ट्झ फिल्टरवर २४ तासांचा नमुना आणि लेव्होग्लुकोसनची तपासणी. सेल्युलोज जळल्यावरच ते तयार होतं. पोटॅशियमही मोजून घेणार असाल तर आधी सोडियमच्या ०.०३७ पट वजा करा, तेवढं समुद्राच्या मिठातून आलेलं असतं.